उत्तरासाठी सोडलेली जागा

रामदासपेठेतल्या विद्याप्रसार मंडळाच्या इमारतीत दोन ग्रंथालयं होती. खाली पुस्तकांचं, वर फितींचं. खालच्या ग्रंथालयात शिक्षक येत, पंख्याखाली बसून वर्तमानपत्र वाचत आणि जाताना एखादं पुस्तक नेत. वर सहसा कुणी येत नसे. मंडळ शाळांसाठी रेडिओवरचे पाठ तयार करी. ते ज्या फितींवर मुद्रित होत, त्या फिती वरच्या मजल्यावर लोखंडी कपाटांत ठेवलेल्या असत. प्रेमिला गजभिये त्यांची ग्रंथपाल होती.

फितींना नागपूरची हवा मानवत नसे. उन्हाळ्यात त्या कडक होत आणि कूलर लावला की ओल धरत. अध्यापक विद्यालयांना उसन्या दिलेल्या फिती गुंता होऊन परत येत. पण खरी अडचण ही होती की नवी फीत मिळत नव्हती. पाठ रेडिओवरून गेला की त्याची फीत पुसायची आणि तिच्यावर पुढचा पाठ घ्यायचा, असा रिवाज पडून गेला होता. कोणती ठेवायची आणि कोणती पुसायची, हे प्रेमिलानं ठरवायचं. ठेवायची असेल तिच्या डब्यावर लाल चिठ्ठी, पुसायची असेल तिच्यावर पांढरी.

कार्यक्रमप्रमुख कृष्णकांत देशकर दर महिन्याला वर येऊन लाल चिठ्ठ्या कमी करा म्हणत. फीत म्हणजे पाटी, असं त्यांचं मत होतं. मग खालची पुस्तकंही वाचून झाली की पुसून टाकू या, असं प्रेमिला म्हणे. देशकर हसत आणि दोन-चार चिठ्ठ्या स्वतःच्या हातानं बदलून जात.

त्र्याहत्तर सालच्या थंडीत मंडळानं तिसरी-चौथीसाठी तोंडी हिशेबाचा एक पाठ केला. तो शोभाताई नावाच्या शिक्षिकेनं घेतला. त्यांचा आवाज स्वच्छ होता आणि त्या घाई करत नसत. प्रश्न विचारायचा, थोडं थांबायचं, मग बरोबर उत्तर सांगायचं, अशी पाठाची रीत होती. मधल्या वेळात रेडिओसमोरच्या मुलांनी उत्तर द्यायचं. त्या थांबण्याला मंडळात ‘जागा’ म्हणत.

या जागांनी मंडळाला बरंच छळलं होतं. स्टुडिओतली शांतता इतकी ठार असे की खेड्यातल्या गुरुजींना वाटे, स्टेशन गेलं. ते उठून रेडिओचं बटण पिळत बसत आणि पाठ हातचा जाई. फिती कापण्या-जोडण्याचं काम करणाऱ्या चंद्रभाननं यावर तोड काढली. पक्का पाठ स्टुडिओत घेण्याआधी मंडळ तो एखाद्या खेड्यातल्या वर्गात करून बघत असे आणि त्याची कच्ची फीत घेत असे. चंद्रभान त्या फितीची नक्कल करी आणि नकलेतून प्रश्न संपल्यानंतरची वर्गातली शांतता कापून घेई. तो तुकडा पक्क्या पाठातल्या त्याच प्रश्नाच्या पुढे जोडायचा. म्हणजे प्रश्न स्टुडिओतला आणि शांतता वर्गातली. तिच्यात चिमण्या असत, पाटीवर लेखणी घासल्याचा आवाज असे, लांब कुठेतरी चाललेलं पाण्याचं इंजिन असे. गुरुजींनी बटण पिळणं थांबवलं.

“मुर्दा शांतता नाही चालत, मॅडम,” चंद्रभान म्हणे. “जिती पाहिजे.”

या पाठासाठी त्यानं शांतता आणली ती सावनेरजवळच्या एका खेड्यातल्या शाळेतून. शोभाताईंबरोबर तिथून आल्यावर तो खुश होता. वर्ग अर्धा रिकामा होता आणि जी मुलं हजर होती तीही चिडीचूप होती. एवढं निर्मळ काम आपल्याला कधी मिळालं नव्हतं, असं तो दोन दिवस सांगत होता.

पक्का पाठ झाल्यावर देशकरांनी कच्ची फीत पुसायला सांगितली. प्रेमिलानं तिच्यावर लाल चिठ्ठी लावली होती. पक्का असताना कच्चा कशाला सांभाळायचा, असं त्यांनी विचारलं.

“पक्क्यात बाई आहेत,” ती म्हणाली. “कच्च्यात मुलं आहेत.”

देशकरांनी ती चिठ्ठी त्या दिवशी तशीच राहू दिली.

पाठ परीक्षेच्या आधीच्या उजळणीसाठी होता. जानेवारीपासून महिनाभर दर मंगळवारी दुपारी तोच पाठ रेडिओवरून जायचा होता. पहिल्या मंगळवारनंतर कुठूनच काही कळलं नाही, आणि मंडळात त्याचा अर्थ सगळं नीट झालं असा घेतला जाई. दुसऱ्या मंगळवारनंतर काटोलकडच्या एका शिक्षकाचं कार्ड आलं. पाठात एका मुलीला उत्तरं द्यायला बसवलंत ही कल्पना चांगली आहे, पण तिला जरा मोठ्यानं बोलायला सांगा, असं त्यात होतं. त्याच्या पुढच्या आठवड्यात आवाज लहान असल्याची कुणाची तक्रार राहिली नाही. आता तक्रार अशी होती की ती मुलगी लगेच उत्तर देते आणि वर्गातल्या मुलांना संधीच मिळत नाही. एका मुख्याध्यापकांनी कळवलं की त्यांची मुलं आता तोंडच उघडत नाहीत. प्रश्न आला की सगळी रेडिओकडे बघत बसतात.

पाठात कोणतीही मुलगी नव्हती. प्रेमिलानं फीत लावली. शोभाताईंनी नऊ साते किती विचारलं. चिमण्या, लेखणी, इंजिन. आणि मग मायक्रोफोनपासून थोडं दूर, पण स्पष्ट, एका लहान मुलीचा आवाज आला, “त्रेसष्ट.” शोभाताई म्हणाल्या, बरोबर, त्रेसष्ट. पुढचा प्रश्न आला, पुढचं उत्तर आलं. ती एकदाही चुकली नाही. आवाजात दाखवण्याचा भाव नव्हता. हातात दुसरं काहीतरी काम असताना माणूस बोलतं, तसा तो होता.

पाठ संपला. शोभाताई शेवटचा हिशेब सांगून थांबल्या. फितीच्या शेपटाला चंद्रभाननं सवयीप्रमाणे वर्गातल्या शांततेचा एक तुकडा जोडला होता. त्या तुकड्यात ती मुलगी म्हणाली, “अजून विचारा ना, बाई.”

प्रेमिलानं यंत्र बंद केलं आणि चंद्रभानला बोलावलं.

त्यानं दोनदा ऐकलं आणि त्याचं तोंड उतरलं. मग तो सावरला. त्याचं म्हणणं सरळ होतं. मायक्रोफोन खिडकीजवळ होता आणि खिडकीबाहेर एखादी पोरगी उभी असणार. तिनं हळू आवाजात उत्तरं दिली आणि ती तुकड्यांत आली. प्रत्येक तुकडा आपण त्याच प्रश्नापुढे जोडला, म्हणून उत्तरं जुळतात. मग कापताना हे तुला ऐकू कसं आलं नाही, असं प्रेमिलानं विचारलं. तेव्हा यंत्र साफ नव्हतं, आता आहे, असं तो म्हणाला. आणि आवाज दर आठवड्याला वाढत कसा गेला, यावर त्यानं कात्री उचलली आणि आपल्या खोलीत गेला.

प्रेमिलानं त्याचं म्हणणं मान्य केलं. तिच्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून त्यांच्या घरात भुताखेताचं नाव निघत नव्हतं. ते आपल्या तोंडून निघू नये, एवढं तिला हवं होतं.

देशकरांना कारणाशी कर्तव्य नव्हतं. शोभाताई यजमानांच्या बदलीमुळे जबलपूरला गेल्या होत्या, त्यामुळे पाठ पुन्हा घेणं परीक्षेच्या आत शक्य नव्हतं. उरलेला शेवटचा मंगळवार रद्द करा आणि कच्ची-पक्की दोन्ही फिती पुसून टाका, असं ते म्हणाले. जाता जाता त्यांनी कच्च्या फितीच्या डब्यावरची लाल चिठ्ठी काढून पांढरी लावली.

दुसऱ्याच दिवशी, फिती अजून पुसायच्या होत्या तेव्हा, सावनेरकडून दोन माणसं आली. एक त्या खेड्यातल्या शाळेचे रामाजी गुरुजी. दुसरी, त्यांच्या मागे दाराशीच थांबलेली, प्रयागबाई नावाची बाई. तिच्या पदराच्या गाठोड्यात तुरीच्या ओल्या शेंगा होत्या. त्या कुठे ठेवाव्या हे न कळून तिनं त्या कपाटाच्या पायाशी ठेवल्या.

रामाजी गुरुजींनी थोडक्यात सांगितलं. मंगळवारी शाळेत बरीच पोरं येईनाशी झाली आहेत. आईबाप पाठवत नाहीत. रेडिओतला आवाज कुणाचा ते गावात सगळ्यांना माहीत आहे. तो या प्रयागबाईच्या गोपिकाचा आहे. पोरगी थंडीच्या सुरुवातीला तापानं गेली. पाठ बंद करा, एवढीच विनंती करायला ते आले होते. प्रयागबाई स्वतःहून त्यांच्यामागे बसमध्ये चढली होती. तिला काय हवं आहे हे त्यांनी विचारलं नव्हतं.

प्रेमिलाला हायसं वाटलं आणि तसं वाटल्याचा तिला रागही आला. आवाजाला नाव मिळालं होतं. तिनं प्रयागबाईला खुर्चीवर बसवलं, कानांवर हेडफोन लावून दिले आणि फीत सुरू केली. प्रयागबाईनं पाठ सगळा ऐकला. तिचे हात मांडीवर होते आणि प्रत्येक जागेला बोटं थोडी हलत होती. शेवटचं वाक्य झालं तेव्हा तिनं हेडफोन काढून हातात धरले. परत दिले नाहीत.

प्रेमिलानं तिला समजावलं. घाबरण्यासारखं यात काही नाही. आमची माणसं मशीन घेऊन आली तेव्हा तुमची मुलगी खिडकीपाशी उभी असेल. ती बोलली, ते फितीत आलं. फोटोत माणूस येतो तसंच.

रामाजी गुरुजी जमिनीकडे बघू लागले.

“त्या दिवशी तिची तेरवी होती, बाई,” प्रयागबाई म्हणाली.

प्रेमिलानं गुरुजींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. अर्धा वर्ग तेरवीच्या जेवणाला गेला होता. म्हणून तर वर्ग रिकामा होता. जी पोरं राहिली होती त्यांना, आज गडबड करायची नाही, असं त्यांनी स्वतःच सांगितलं होतं.

चंद्रभान मघापासून दारात येऊन उभा होता. भिंतीला टेकून त्यानं हळूहळू खाली बैठक मारली.

मग प्रयागबाई बोलायला लागली. ती रडली नाही. गोपिका तिसरीत होती तेव्हा तिनंच तिला शाळेतून काढलं होतं. धाकटा पोरगा कडेवर घ्यायला कुणी नव्हतं, आणि पुढे कापूस वेचायला हात हवे होते. पोरगी दुपारी भावाला कडेवर घेऊन शाळेच्या खिडकीशी जायची आणि बाहेरून उत्तरं द्यायची. गुरुजी तिला हाकलत नसत, पण तिचं उत्तर धरतही नसत, कारण पटावर तिचं नाव उरलं नव्हतं. हे ती सांगत असताना गुरुजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

प्रेमिला म्हणाली की आता हे थांबेल. फीत पुसण्याचा हुकूम झाला आहे.

“पुसू नका, बाई,” प्रयागबाई म्हणाली. “पुसल्यावर ती कुठी जाईन?”

गुरुजी चिडले. गावातली जिती पोरं शाळा सोडून राहिली आहेत, त्यांचं काय, असं त्यांनी विचारलं. प्रयागबाई त्यांच्याकडे वळली नाही. ती प्रेमिलाशीच बोलत होती.

“बंद करा म्हनतो मी बी. मले काय ते आयकाची हौस आहे? पन असं मधातच नका तोडू. तिले कोनी सुट्टी देल्ली नाही, बाई. मीनं हात धरून आनली तिले शाळेतून. गुरुजीनं पाहूनबी नाही पाहिलं. सुट्टी झाली असं तिले कोनीच नाही सांगतलं. म्हनून बसून राहिली. बाईनं म्हटलं तं निंगन ती. मायं नाही आयकत, पन बाईचं आयकते.”

कोणत्या बाईचं, हे प्रेमिलाला विचारावं लागलं नाही. शोभाताई जबलपूरला होत्या. पक्क्या पाठात त्यांनी सुट्टी दिली नव्हती. रेडिओवरच्या पाठात कुणी सुट्टी देत नाही, कारण नंतर शाळेचा पुढचा तास असतो.

प्रेमिला उठली. पांढऱ्या चिठ्ठीचा डबा उघडून तिनं कच्ची फीत यंत्रावर चढवली आणि सरळ शेवटाकडे नेली. पाठ संपल्यानंतर यंत्र लगेच बंद झालेलं नव्हतं. चंद्रभान वायर गुंडाळत असतानाचं थोडं मुद्रण त्यावर राहून गेलं होतं. मुलांची कुजबुज, बाकांचे आवाज. आणि त्यातून शोभाताई, स्टुडिओत कधी बोलल्या नव्हत्या अशा साध्या आवाजात: “आता सुट्टी. सरळ घरी जायचं हं. वाटेत कुठं थांबायचं नाही.”

चंद्रभान जमिनीवरून उठला. कुणी न सांगता त्यानं फीत मागितली.

देशकरांना प्रेमिलानं एवढंच सांगितलं की शेवटचा मंगळवार शाळांना पाठवलेल्या छापील वेळापत्रकात आहे. रद्द केला तर शंभर ठिकाणांहून विचारणा होईल. तो जाऊ द्यावा, बुधवारी फिती पुसू. देशकर कंटाळले होते. त्यांनी हो म्हटलं. पाठाच्या शेपटाला काय जोडलं आहे हे त्यांनी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

मंगळवारी दुपारी प्रेमिला आणि चंद्रभान फितींच्या खोलीत रेडिओ लावून बसले. मुलीचा आवाज आता शोभाताईंच्या इतका जवळ होता की दोघी एका चटईवर बसल्यासारख्या वाटत होत्या. तिनं सगळी उत्तरं दिली. शेवटचा हिशेब झाला. तिनं श्वास घेतला, दर वेळी मागते ते मागायला. तिनं तोंड उघडायच्या आत शोभाताई म्हणाल्या, “आता सुट्टी. सरळ घरी जायचं हं. वाटेत कुठं थांबायचं नाही.”

नंतर चिमण्या होत्या. चंद्रभाननं कान पुढे केला. प्रेमिलाला दप्तरात पाटी सरकवल्यासारखा आवाज आला. चंद्रभानला तो आला की नाही हे तिनं त्याला विचारलं नाही. मग निवेदकानं पुढच्या कार्यक्रमाचं नाव सांगितलं.

या कामात एक चूक होती आणि ती दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आली नव्हती. तो पाठ गावोगावच्या शाळा ऐकत होत्या. जिच्यासाठी सुट्टी होती तिला ती मिळाली असेल, पण बाकीच्या मुलांनीही रेडिओचंच ऐकलं. त्यांनी दप्तरं उचलली आणि भर दुपारी, गुरुजी दारात आडवे येण्याआधी, ती घराकडे पळाली. काटोल, कळमेश्वर, उमरेड, रामटेक, जिथे जिथे शाळेचा रेडिओ चालू होता तिथली शाळा सुटली. तपासनीसांनी खुलासे मागितले. गुरुजींनी मंडळाकडे बोट दाखवलं.

देशकर वर आले तेव्हा त्यांच्या हातात कागदांची चळत होती. त्यांनी पाठ पुन्हा लावायला सांगितला आणि उभ्यानंच ऐकला. जागांमध्ये आता चिमण्या होत्या, लेखणी होती, लांबचं इंजिन होतं. दुसरं काही नव्हतं. मंगळवारनंतर प्रेमिलानंही तो प्रथमच ऐकला. नऊ साते किती, या प्रश्नानंतर तिची नजर नकळत यंत्रावरून खिडकीकडे गेली.

“गजभिये बाई,” देशकर म्हणाले, “तुम्ही अर्ध्या विदर्भाला सुट्टी दिलीत.”

“एकीलाच द्यायची होती,” ती म्हणाली.

देशकरांनी पुढे विचारलं नाही. पक्का पाठ त्याच संध्याकाळी पुसला गेला आणि त्या फितीवर पिकांवरच्या किडींचा पाठ आला. प्रेमिलाच्या वार्षिक अहवालात एक शेरा पडला. पण कच्ची फीत पुसताना कुणी दिसलं नाही. महिन्याअखेर प्रेमिलानं तिच्यावर पुन्हा लाल चिठ्ठी लावली आणि देशकर त्या कपाटापुढून न थांबता गेले.

मार्चमध्ये रामाजी गुरुजी पुस्तकं परत करायला खालच्या ग्रंथालयात आले होते, ते वर चढून आले. शाळेत पोरं पुन्हा येतात, असं त्यांनी सांगितलं. त्यांनाही खुलासा द्यावा लागला होता आणि त्याबद्दल ते जरा गुरगुरले. प्रयागबाईचा धाकटा पुढच्या वर्षी पटावर घेऊ, असंही म्हणाले. मग त्यांनी टोपी काढून हातात घेतली. त्यांना आणखी काही सांगायचं होतं.

त्या मंगळवारी जी मोजकी पोरं शाळेत आली होती ती सुटली तेव्हा प्रयागबाई आपल्या दारात उभी होती. हातात पाण्याचा तांब्या होता. पोरं तिच्यासमोरून एकेक करत पळत गेली आणि आपापल्या घरात शिरली. शेवटचं पोरगं गेलं आणि रस्ता रिकामा झाला. शेजारची रंभाबाई अंगणात तुरी पाखडत होती, तिनं सगळं पाहिलं. प्रयागबाई आणखी थोडा वेळ रस्त्याकडे बघत राहिली. मग आत येणाऱ्याला वाट द्यावी तशी ती उंबऱ्यातून अंग चोरून बाजूला झाली आणि तांब्या पुढे करून म्हणाली, “पाय धू वं आधी.”